दात कशानं घासता, मावशी?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीचा वरचा हॉल. नवरात्राची पाचवी माळ. बायकांसाठी तपासणीचं शिबिर आहे. खाली कुस्तीच्या हौद्याचं दार ओढून घेतलंय. वर गणपतीच्या मांडवाचं कापड दोरीला अडकवून एका कोपऱ्यात आडोसा केलाय. लिफ्ट नाही म्हणून मंडळाची पोरं ओशाळलीत. हृदयरोगतज्ज्ञ बाईंना मात्र जिना पसंत पडलेला दिसतो. त्यांनी टेबल मुद्दाम जिन्यासमोर ओढून घेतलंय आणि वहीत नाव चढायच्या आधीच त्या बघतायत, कोण एका दमात वर येतं आणि कोण मधल्या वळणावर कठडा धरून थांबतं.

बायका बऱ्याच जमल्यात. कुणी अंबाबाईचं दर्शन उरकून अनवाणीच आलंय, कुणी पाणी भरून, डबे लावून. तपासणी हृदयाची आहे, हे बहुतेकींच्या गावीही नाही.

“हार्टचं आमच्या मालकांना हाय. मी आपलं बीपी बघून जातो,” पहिल्याच मावशी खुर्चीच्या कडेला टेकत सांगतात.

“जावा की. पण आधी पाठ टेकून बसा, पाय खाली सोडा आणि पाच मिनिटं बोलू नका.”

पाच मिनिटं न बोलणं हीच इथली सगळ्यात अवघड तपासणी. जिना चढून आल्या आल्या, दंडावरच्या घट्ट बाहीवरून पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा डॉक्टर वहीत घेतच नाहीत. बाही वर सरकवायची, हात टेबलावर, तळवा मोकळा. मग पट्टा फुगतो.

आता प्रश्न. शेजारची शिकाऊ डॉक्टर छापील फॉर्मवरून विचारते, “तंबाखू खाता?”

“छ्या! असलं काय न्हाई आमच्यात.”

फॉर्मवर फुली पडणार, तेवढ्यात थोरल्या डॉक्टर टेबलापलीकडून सहज विचारतात, “दात कशानं घासता, मावशी?”

“मिशेरीनं. तेवढी लागत्या बघा सकाळी. आणि दुपारी जेवल्यावर जरा.”

मिशेरी म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात उतरतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. पण ती लावणाऱ्या बाईच्या हिशेबी ते दातांचं औषध आहे, व्यसन नव्हे. मावशी खोटं बोलल्याच नव्हत्या. प्रश्न चुकीचा होता. मी इथं यंत्रं बघायला आलेय, पण खरं काम प्रश्नांनीच चाललंय.

पुढचा नंबर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंचा. पन्नाशी ओलांडलेल्या, जिन्यात दोनदा थांबलेल्या. “वय झालं, दुसरं काय,” म्हणतात. डॉक्टर विचारतात, “बाळंतपणं किती? दिवस गेले असताना बीपी वाढलं होतं?”

“छातीचं बघायला बसलाय न्हवं? मग बाळंतपणाचं काय काढलासा?”

“सांगा तर.”

काकू आठवून सांगतात. दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी आली, झटकेही आले. बाळंत झाल्यावर बीपी उतरलं. मग? मग काही नाही. त्यानंतर दंडाला पट्टा लागतोय तो आज. आकडा येतो १६८ वर १०२. थोड्या वेळानं पुन्हा बघितला, तरी १६२ वर ९८.

गरोदरपणात असं बीपी चढलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो. गरोदरपणातल्या मधुमेहाचंही तसंच. साखर बाळंतपणानंतर उतरली तरी धोका पूर्ण उतरत नाही. आपल्याकडे मात्र बारसं झालं की ती फाइल ट्रंकेच्या तळाशी जाते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहिलेलं हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही, आणि बाईला ते सांगावंसं वाटत नाही, कारण कुणी विचारलेलंच नसतं.

तिसरा प्रश्न गर्भपिशवीचा. “पिशवी काढलीय का? कितव्या वर्षी? बीजकोश ठेवले की तेही काढले?” पिशवीचं साल सगळ्यांना पाठ आहे, बीजकोशांचं कुणालाच सांगता येत नाही. बावन्न देशांतल्या रुग्णांचा ‘इंटरहार्ट’ अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बायकांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षं उशिरा येतो, असं त्यात दिसलं. पाळी चालू असेतो संप्रेरकांचा आधार असतो, हे त्यामागचं एक कारण मानतात. ऐन चाळिशीत बीजकोश काढले की तो आधार तिथंच सुटतो.

आडोशामागं ईसीजी चाललाय. तंत्रज्ञ मुलगीच आहे. काकू हिरव्या बांगड्या कोपराकडं ढकलतात, मनगटाला चिमटे लागतात. मंगळसूत्र मानेमागं जातं. छातीवर सहा जागी गार जेली लागते तशा त्या अंग चोरतात. “कापडाला फट न्हाई न्हवं?” हे दोनदा विचारून होतं. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरला एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली. स्टेथोस्कोप जन्मला तो त्या संकोचातून. आणि याच कोल्हापुरात १८८६ साली संस्थानानं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-कक्षावर डॉ. आनंदीबाई जोशींची नेमणूक केली होती. आजचं सीपीआर रुग्णालय ते हेच. आनंदीबाई रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. बाईला तपासायला बाई हवी, हे संस्थानाला तेव्हाच कळलं होतं. तपासणीच्या जागेला धड पडदा हवा, हे आपल्या कित्येक शिबिरांना अजून कळायचंय.

ईसीजी ठीक निघतो. काकूंचा चेहरा उजळतो.

“लगेच खूश होऊ नका,” डॉक्टर म्हणतात. “हा आत्ताचा कागद. शिरेत अडथळा असूनही तो सरळ येऊ शकतो.” त्या इको लिहून देतात, गोळी लिहून देतात. मग ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतात. छातीत दुखणं हे बायकांमध्येही मुख्य लक्षण आहेच. पण नुसता दम लागणं, जबडा नाहीतर पाठ भरून येणं, मळमळ आणि दरदरून घाम, एवढ्यावरही झटका येऊन जातो. बायका त्याला पित्त म्हणतात, सोडा पितात आणि आडव्या होतात.

मागून एक आज्जी हात वर करते. “उपवासाला बीपीची गोळी चालत न्हाई म्हणून घटस्थापनेपास्नं बंद केल्या मी.”

“चालते, आज्जी. देवीनं कुठं न्हाई म्हटलंय? आज घरी गेल्या गेल्या घ्या. आणि उद्याही.”

बारा वाजत आलेत. निघताना काकू विचारतात, “ती बाळंतपणाची जुनी फाइल शोधून आणू काय पुढच्या वारी?”

“आणा,” डॉक्टर म्हणतात. “सगळ्याच्या आधी तीच बघणार मी.”

तुमच्या घरात आईची, सासूची किंवा बहिणीची अशी फाइल असेल, तर ती रद्दीत घालू नका. गर्भारपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, पिशवीबरोबर बीजकोश काढले का, दात कशानं घासता, एवढं आज त्यांना विचारा आणि उत्तरं फाइलच्या वरच्या कागदावर लिहून ठेवा.