उघड्या मोटारीचे यंत्र

नगर रस्त्यावरून वाघोलीत येणारी मोटार पाहिली की, नजरेत भरते ते तिचे बाह्यांग. यंत्र झाकलेलेच राहते. पण निव्वळ यंत्र दाखविण्यासाठी बाह्यांग घडविले गेले, असेही एकदा झाले आहे. जॅग्वार एक्सके १२० ही ती दोन आसनांची उघडी मोटार होय. २००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेतली. पिंपरीचा कारखाना परिचित असलेल्या आपणां मंडळींना म्हणूनच ही हकीकत आता अगदी परकी नाही.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील कव्हेंट्री शहरावर बाँब पडत. कारखान्याच्या छपरावर रात्री आगीची टेहळणी करावी लागे. त्या जागरणांत संस्थापक विल्यम लायन्स व त्यांचे अभियंते विल्यम हेन्स वगैरे मंडळी युद्धानंतरच्या यंत्राचा विचार करीत. चूल नीट पेटायची तर वारा आत यायला आणि धूर बाहेर जायला वाट मोकळी हवी. यंत्राचेही तसेच आहे. म्हणून त्यांनी सहा सिलिंडरांच्या माथ्यावर तिरप्या झडपांच्या दोन रांगा ठेवल्या, एक आत घेणारी व एक बाहेर सोडणारी, आणि प्रत्येक रांगेला झडपा उघडणारा स्वतंत्र दांडा दिला. ३.४ लिटरच्या या यंत्राने १६० अश्वशक्ती दिली.

यंत्र योजिले होते मोठ्या बंद मोटारीसाठी. पण १९४८ चे लंडनचे प्रदर्शन जवळ आले, तरी तिचे बाह्यांग तयार होईना. तेव्हा लायन्स यांनी थोडक्या आठवड्यांत ही उघडी मोटार उभी केली. बेत होता सुमारे दोनशे मोटारींचाच. म्हणून लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून काम भागविले. मागणी मात्र अशी लोटली की, १९५० पासून पोलादी पत्रा साच्यात दाबून बाह्यांगे काढावी लागली. १९४९ मध्ये बेल्जियममधील याबेके येथे, समोरची काच उतरवून, ही मोटार ताशी १३२ मैलांवर, म्हणजे सुमारे २१३ किलोमीटर वेगाने धावली. १९५४ पर्यंत अशा बारा हजार मोटारी तयार झाल्या.

पुढे बाह्यांगे बदलली. १९६१ ची प्रसिद्ध ई-टाइप आली. यंत्राचा घराणा मात्र तोच राहिला आणि १९९२ पर्यंत चालला. आठवड्यांत उभी राहिलेली वस्तू पाहून आपण घाईचे कौतुक करतो. परंतु त्या घाईला यश आले ते तिच्यामागे अनेक वर्षांचा विचार तयार होता म्हणून. कारखान्यांच्या या परिसरात उद्या यंत्रे घडविणाऱ्या आपल्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.