गेम कन्सोल कोणाच्या हातासाठी?

गेम कन्सोल मोठ्यांसाठी घडवावा की मुलांसाठी, हा वाद जुनाच आहे. २००० मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ आणला. त्यावर डीव्हीडी चित्रपटही पाहता येत, म्हणून मोठ्यांच्या दिवाणखान्यात तो शोभला. २००१ मध्ये निन्टेन्डोने गेमक्यूबला उचलून नेण्यासाठी मूठ दिली, तर त्याला खेळणे म्हणून हिणवले गेले. म्हणजे मुलांच्या सोयीचे ते कमी प्रतीचे! ही समजूतच मुळात चुकीची आहे.

२००६ च्या वी कन्सोलचा रिमोट हातात धरून नुसता हलवला तरी खेळता येत असे. आजी आणि नातू एकाच खेळात उतरले. दहा कोटींहून अधिक वी विकले गेले. २०१७ च्या स्विचच्या इवल्याशा कार्ट्रिजला कडू लेप असतो, मुलांनी ते गिळू नये म्हणून. त्याने मोठ्यांचे काय बिघडले?

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी वेगळा कंट्रोलर काढला. मग नेहमीचा कंट्रोलर घडवताना ही माणसे कोणाच्या हिशेबात होती?

तेव्हा प्रश्न वयाचा नाहीच. यंत्र घडवताना सर्वांत दुबळा हात समोर ठेवा. त्याला जे पेलते, ते सर्वांनाच पेलते. ही सवलत नव्हे, हक्क आहे.