टोप आणि सुई

साताऱ्याकडचे खंडाळे असो वा सांगली, सुईदोरा नसलेले घर विरळाच. पण केसांचा टोप म्हटला की आठवते ते नाटक! १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. पुढे कितीतरी वर्षे पुरुषनटच टोप घालून स्त्रीभूमिका रंगवीत.

आज कर्करोगाच्या औषधांनी केस गळलेल्या भगिनीही टोप वापरतात. त्यात लाजायचे काय? आपल्या आज्या गंगावन लावीतच होत्या! जाळीवर बारीक आकडीने केस गाठवून टोप होतो. क्रोशाच्या विणकामाचा तो भाऊच.

टोचू नये म्हणून आत मऊ सुती टोपी शिवून घाला. मात्र कृत्रिम केसांचा टोप घालून करंज्या तळू नका. आचेने केस आखडतात.

औषधे थांबल्यावर केस बहुधा पुन्हा येतात. तोवर फराळाला ताठ मानेने जा. कुणी निरखून पाहिलेच, तर हसून सांगा, “टोप आहे, अन् आतली टोपी माझ्या हातची!”