पुढचे राष्ट्रपती कोण? आधी लखनौची बेरीज करा

तुमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढच्या राष्ट्रपतींचं नाव येऊन गेलं का? अजून आलं नसेल तर लवकरच येईल. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. त्यांची पाच वर्षांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. म्हणजे एखाद्या राज्यपालांचं, एखाद्या ज्येष्ठ नेत्याचं, नाहीतर एखाद्या शास्त्रज्ञाचं नाव ‘पक्कं झालं’ असं सांगणारे मेसेज आता फिरणारच. चहाच्या टपरीवर पैजाही लागतील.

असा मेसेज आला की तो पुढे ढकलण्याआधी थोडं थांबा आणि एका शहराकडे बघा. ते शहर आहे लखनौ.

पाच वेळा जुळलेला योगायोग

उत्तर प्रदेश विधानसभेच्या निवडणुका २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ साली झाल्या. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकाही याच पाच वर्षांत झाल्या. विधानसभेचा निकाल आधी लागतो आणि राष्ट्रपतिपदाचं मतदान जुलैत होतं. देशातल्या सगळ्यात मोठ्या विधानसभेत नुकतेच निवडून आलेले ४०३ आमदार राष्ट्रपती निवडायला जातात. २०२७ मध्येही क्रम हाच आहे. तिथल्या विधानसभेची मुदत मे महिन्यात संपते आणि राष्ट्रपतींची जुलैत.

आपण राष्ट्रपतींना थेट मत देत नाही. लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार मत देतात. विधान परिषदेच्या सदस्यांना हा हक्क नाही, राष्ट्रपतींनी नेमलेल्या खासदारांनाही नाही.

यात प्रत्येक आमदाराच्या मताचं वजन सारखं नसतं. राज्याच्या लोकसंख्येला निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा एक हजाराने भागायचं, की एका आमदाराच्या मताचं मूल्य मिळतं. लोकसंख्या मात्र १९७१ च्या जनगणनेची धरायची. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती आणि आमदार आहेत २८८. मुलांना कॅलक्युलेटर देऊन हे गणित करायला सांगा. उत्तर येईल १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मूल्य येतं २०८, सिक्कीमच्या आमदाराचं फक्त ७.

म्हणजे उत्तर प्रदेशच्या ४०३ आमदारांची मतं झाली ८३,८२४. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांची ५०,४००. २०२२ साली एका खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं आणि देशभरातल्या मतांचं एकूण मूल्य होतं १०,८६,४३१. उत्तर प्रदेशचे लोकसभेचे ८० आणि राज्यसभेचे ३१ खासदार धरले तर त्या एका राज्याचा वाटा जवळपास १५ टक्के होतो. महाराष्ट्राचा वाटा सुमारे ९ टक्के.

बैठक बूथची, मत राष्ट्रपतींचं

लखनौच्या विधान भवनासमोरच भाजपचं प्रदेश कार्यालय आहे. समाजवादी पक्षाचं कार्यालय विक्रमादित्य मार्गावर, तर बसप आणि काँग्रेसची कार्यालयं मॉल अॅव्हेन्यूच्या भागात. निवडणूक जवळ आली की या कार्यालयांत बैठकांवर बैठका होतात. जिल्हाध्यक्ष येतात, तालुक्याचे पदाधिकारी येतात, बूथवर बसणारे कार्यकर्ते येतात. मतदार यादीच्या एकेका पानाची जबाबदारी वाटली जाते. भाजपमध्ये अशा कार्यकर्त्याला ‘पन्ना प्रमुख’ म्हणतात. कोणत्या गावात कोण नाराज आहे, कोणाचं नाव यादीतून गळलं, तिकीट कोणाला दिलं तर कोण रुसेल, हेच तिथले विषय.

अशा बैठकीत राष्ट्रपतिपदाचा विषय निघत नाही. पण त्या पदाची बेरीज तिथेच सुरू होते. एक जागा जिंकली की २०८ मतं गाठीला. लखनौ जिल्ह्यात विधानसभेच्या ९ जागा आहेत, त्यांची मतं १,८७२. २००७ साली मायावतींच्या बसपने २०६ जागा जिंकल्या, मूल्य ४२,८४८. २०१२ साली समाजवादी पक्षाने २२४, मूल्य ४६,५९२. २०१७ साली भाजपने एकट्याने ३१२, मूल्य ६४,८९६. २०२२ साली भाजपच्या जागा २५५ वर आल्या, मूल्य झालं ५३,०४०. दर वेळी राष्ट्रपतिपदाची बोलणी सुरू होताना दिल्लीतले नेते आधी हा आकडा बघत होते.

सांगलीच्या विटा-खानापूर भागातली गलाईचा व्यवसाय करणारी कितीतरी कुटुंबं पिढ्यानपिढ्या उत्तरेकडच्या शहरांत राहतात. त्यांच्यापैकी ज्यांचं नाव लखनौच्या मतदार यादीत आहे, त्यांच्या आमदाराचं मत गावाकडच्या भावाच्या आमदारापेक्षा ३३ ने जड आहे.

आधी आलेली नावं कुठे गेली?

आता नावांकडे वळू. २००२ साली महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचं नाव जोरात होतं. राष्ट्रपती झाले डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. त्यांचं नाव पुढे करणाऱ्यांत लखनौचे मुलायमसिंह यादव आघाडीवर होते. कलाम यांच्या विरोधात उभ्या होत्या आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल. त्यांचा दवाखाना लखनौपासून जवळच, कानपूरला होता.

२००७ ची गोष्ट तर आपल्या घरची. शिवराज पाटील आणि सुशीलकुमार शिंदे अशी दोन मराठी नावं चर्चेत होती. कर्ण सिंह आणि प्रणव मुखर्जी यांचीही नावं घेतली जात होती. १४ जूनला जाहीर झालं ते तिसरंच मराठी नाव, प्रतिभाताई पाटील. जळगावच्या प्रतिभाताई तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल होत्या. शिवसेना भाजपच्या आघाडीत होती, तरी तिने मराठी उमेदवार म्हणून त्यांना मत दिलं. आणि लखनौत दोनच महिन्यांपूर्वी मुख्यमंत्री झालेल्या मायावतींनीही पाठिंबा दिला. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मतं मिळाली. देशाला पहिल्या महिला राष्ट्रपती मिळाल्या.

२०१२ साली १३ जूनला मुलायमसिंह आणि ममता बॅनर्जी यांनी मिळून तीन नावं सुचवली: कलाम, मनमोहन सिंग आणि सोमनाथ चटर्जी. टीव्हीवर एकच गदारोळ झाला. दोनच दिवसांत काँग्रेस आघाडीने प्रणव मुखर्जी यांचं नाव जाहीर केलं आणि मुलायमसिंह त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे मतदानाच्या दिवशी मुलायमसिंहांकडून घाईत पी. ए. संगमा यांच्या नावापुढे खूण झाली. त्यांनी दुसरी मतपत्रिका मागून घेतली, पण शेवटी त्यांचं मत बाद ठरलं.

२०१७ साली १९ जूनला रामनाथ कोविंद यांचं नाव आलं तेव्हा चर्चा करणारे पुन्हा चकित झाले. कोविंद तेव्हा बिहारचे राज्यपाल होते, पण गाव उत्तर प्रदेशातलं, कानपूर देहात जिल्ह्यातलं परौंख. २०२२ साली २१ जूनला द्रौपदी मुर्मू यांचं नाव जाहीर झालं.

तारखा बघितल्यात? नाव दर वेळी जून महिन्यात पक्कं झालं. त्याआधीची चर्चा म्हणजे बाजारात तुरी. अशी नावं बरेचदा पक्षच सोडतात. कोण खूश होतं, कोण बिथरतं, मित्रपक्ष काय म्हणतो, हे खडा टाकून बघायचं असतं. ज्याचं नाव लवकर फुटतं त्याच्या विरोधात जमवाजमव करायला इतरांनाही वेळ मिळतो.

जेवणाचं आमंत्रण आणि १,२४८ मतं

या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं. त्यामुळे आमदार पक्षाच्या विरोधात गेला तरी त्याची आमदारकी जात नाही. म्हणूनच लहान गटांची मनधरणी करावी लागते.

जुलै २०२२ मध्ये विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हा लखनौला आले. अखिलेश यादव यांनी बोलावलेल्या बैठकीला त्यांचेच मित्रपक्षाचे नेते ओमप्रकाश राजभर यांना आमंत्रण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुर्मू लखनौत आल्या. मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांच्या घरी त्यांच्यासाठी जेवण ठेवलं होतं. त्या पंगतीला राजभर होते आणि अखिलेश यांचे काका शिवपाल यादवही होते. शिवपाल समाजवादी पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले, राजभर यांच्या पक्षाचे सहा आमदार. दोघांनीही मुर्मू यांना पाठिंबा दिला. सहा आमदार म्हणजे १,२४८ मतं. निकाल त्यामुळे फिरला नाही, पण विरोधकांची एकी लखनौत कशी उसवली ते देशाने बघितलं. त्याच जुलैत मुंबईत उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेनेही मुर्मू यांच्याच बाजूने जायचं ठरवलं.

लखनौत हे मतदान विधान भवनाच्या तिलक हॉलमध्ये होतं. नाव वाचून मराठी माणसाला लोकमान्य आठवणारच. डिसेंबर १९१६ च्या लखनौ काँग्रेसमध्येच ते अनेक वर्षांच्या दुराव्यानंतर पुन्हा काँग्रेसच्या व्यासपीठावर आले होते.

चुरस झाली तर एकेक मत किती महाग पडतं याचं उदाहरण १९६९ चं आहे. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख अशी लढत होती. पहिल्या मोजणीत कोणालाच बहुमत मिळालं नाही. मग देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली, आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले.

हे वजन बदललं तर?

मतांचं मूल्य १९७१ वर का अडकलंय? लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ही सोय आहे. त्यानंतर काय होऊ शकतं? आमदारांची संख्या आहे तीच ठेवून २०११ ची लोकसंख्या धरून बघा. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मूल्य २०८ वरून सुमारे ४९६ होतं, महाराष्ट्राचं १७५ वरून ३९०, केरळचं १५२ वरून २३९. आज केरळच्या आमदारापेक्षा उत्तर प्रदेशचा आमदार जेमतेम दीडपटीच्या आत जड आहे, तेव्हा तो दुपटीने जड होईल. राष्ट्रपती साऱ्या देशाचे असतात. मग कुटुंब लहान ठेवणाऱ्या राज्याचा त्यांच्या निवडीतला आवाज कमी व्हावा का? हा प्रश्न नावांच्या चर्चेपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि आपल्या मुलांच्या काळात तो सोडवावा लागणार आहे.

तेव्हा पुढचा मेसेज आला की तीन प्रश्न विचारा. नाव कोणी सांगितलं, पक्षाने की ‘सूत्रांनी’? त्या पक्षाकडे लखनौत किती आमदार आहेत? आणि महिना कोणता चालू आहे? जून उजाडला नसेल तर मेसेज तसाच राहू द्या. त्याऐवजी आपल्या भागातल्या पक्षाच्या बैठकीला एकदा जाऊन बसा. उमेदवार कसा ठरतो ते ऐका, चार प्रश्न विचारा. तुम्ही निवडलेला आमदार पाच वर्षांत कधीतरी तुमच्या वतीने राष्ट्रपती निवडायला जातो. महाराष्ट्रात त्याच्या हातात १७५ मतं असतात. ती कोणाच्या हाती द्यायची, हे ठरवताना मात्र मत तुमचंच असतं.