नव्या पेठेत पहिले गिऱ्हाईक कोठून आणावे?

दुकान एकट्याच्या बळावर उघडता येते. पहिले गिऱ्हाईक आले, त्याला माल मिळाला, व्यवहार झाला. सोशल नेटवर्कचे तसे नाही. तेथे माल म्हणजे इतर सभासदच. म्हणून पहिल्या सभासदाला रिकामे घर दिसते. गावात एकच टेलिफोन असावा, तसा हा प्रकार. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी कोणी आपल्या धंद्यासाठी असे व्यासपीठ काढू म्हणत असेल, तर ही पहिली माणसे कशी जमली, हे आधी पाहणे बरे.

फेसबुकचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मार्क झुकेरबर्गने ते ४ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू केले, आणि प्रवेश ठेवला फक्त हार्वर्डचा ई-मेल पत्ता असलेल्यांना. बाहेरच्यास दार बंद! विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांच्या यादीला 'फेसबुक' म्हणण्याचा रिवाज तेथे आधीपासूनच होता, म्हणजे गरज जुनीच होती. एकाच आवारात राहणारी, एकमेकांना तोंडओळखीने जाणणारी ही मुले. त्यामुळे आत येणाऱ्याला लगेच ओळखीचा चेहरा सापडे. महिनाभरात तेथील पदवीच्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले. त्यानंतरच कोलंबिया, स्टॅनफर्ड व येल ही विद्यापीठे घेतली. २००५ मध्ये शाळा, आणि सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षांवरील सर्वांना दार मोकळे झाले. एक मोहल्ला पुरता भरल्याशिवाय दुसऱ्यात पाऊल नाही, असा हा हिशेब होता.

लिंक्डइन मे २००३ मध्ये निघाले तेव्हा संस्थापकांनी आपल्याच ओळखीच्या सुमारे साडेतीनशे लोकांना निमंत्रण धाडले. महिनाअखेर सभासद झाले ४,५००. आकडा लहान, पण माणसे कामाची होती.

रेडिटवाल्यांनी २००५ मध्ये वेगळीच युक्ती केली. संस्थापक स्वतःच निरनिराळ्या बनावट नावांनी मजकूर टाकीत, म्हणजे जागा गजबजलेली दिसे. युक्ती चालली खरी. आम्हांस मात्र ती दुकानात आपलीच माणसे गिऱ्हाईक म्हणून बसवण्यासारखी वाटते. व्यापाऱ्यांच्या बिरादरीत एकदा हे उघडे पडले की पत जाते. त्यापेक्षा संस्थापकाने स्वतःच्या नावाने रोज भाव, मालाची आवक, कारागिरांची गरज अशी उपयोगी माहिती द्यावी.

आता उलट उदाहरण. गूगलसारख्या धनाढ्य कंपनीने जून २०११ मध्ये गूगल प्लस काढले. आपल्या कोट्यवधी ग्राहकांना तिने तिकडे वळवले. नोंदी भरपूर झाल्या, पण माणसे थांबेनात. तेथे येणाऱ्यांच्या शंभरपैकी नव्वद भेटी पाच सेकंदांच्या आत संपतात, असे कंपनीनेच २०१८ मध्ये जाहीर केले आणि एप्रिल २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची ती सेवा बंद झाली.

म्हणून यंत्रमागाच्या सुट्या भागांसाठी व्यासपीठ काढायचे झाल्यास सबंध महाराष्ट्राचा विचार सोडावा. एका गावातील, एकाच धंद्यातील, एकमेकांशी देवघेव असलेली चाळीस-पन्नास माणसे धरावीत, प्रत्येकाच्या दुकानी स्वतः जावे आणि त्याच्यासमोर त्याचे नाव नोंदवून द्यावे. जे बांधव स्वतः काढणार नाहीत, पण ज्यांच्याकडे कोणी वर्गणी मागायला येईल, त्यांनी एवढेच विचारावे: आमच्या गावातले, आमच्या धंद्यातले किती जण गेल्या आठवड्यात तेथे बोलले? लाखांचा आकडा सांगून उत्तर टाळले, तर वर्गणी खिशातच ठेवावी.