सामाईक जमीन, सामाईक गाफीलपणा

पुण्याहून पूर्वेकडे निघणाऱ्या दोन महामार्गांनी शिरूर व दौंड या तालुक्यांचे अर्थकारण गेल्या काही दशकांत पार पालटून टाकले आहे. एका वाटेवर रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तर दुसऱ्या वाटेवर कुरकुंभची. चासकमान आणि खडकवासला यांच्या कालव्यांनी जिराईत रानांत ऊस आणला. साहजिकच या भागातील जमिनीकडे शेतकऱ्याखेरीज इतरांचेही डोळे लागले. कारखान्यातील कामगार, शहरातील नोकरदार, निवृत्तीची रक्कम हाती आलेला कारकून अशा सर्वांना येथे जमिनीचा एखादा तुकडा असावा असे वाटू लागले. तथापि एकरभर जमीन विकत घेणे किंवा पाच-दहा वर्षांच्या खंडाने कसण्यास घेणे यांपैकी कोणाही एकाच्या आवाक्यातले नसते. मग आठ-दहा जण एकत्र येतात. त्यांतील बहुतेकांची परस्परांशी ओळखही नसते. त्यांना जोडणारा दुवा एकच असतो, तो म्हणजे मध्यस्थ. आणि फसवणुकीची बहुतेक प्रकरणे या दुव्यापाशीच सुरू होतात.

हा प्रकार केवळ येथलाच आहे असे नाही. अमेरिकेत शिकारीचे शौकीन एकत्र येऊन एखाद्या शेतकऱ्याचे रान हंगामापुरते भाडेपट्ट्याने घेतात. तेथेही दुसऱ्याच्याच रानाची छायाचित्रे दाखवून, ‘थोड्याच जागा शिल्लक आहेत’ अशी घाई करून, अनोळखी सभासदांकडून आगाऊ रक्कम उकळणारे भामटे आढळतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली वाटही बुजली. तेव्हा शिरूर-दौंडच्या माळरानावर ‘शिकारीची सोय’ करून देतो असे कोणी सांगू लागला, तर पुढे काही विचारण्याचे कारणच उरत नाही. त्या माळावरील चिंकारा काय आणि ससा काय, दोघांनाही कायद्याचे संरक्षण आहे. मात्र अशा व्यवहारातून एक गोष्ट ध्यानात येते. बेकायदा सौद्यात फसलेला मनुष्य पोलिसांकडे जाऊ शकत नाही, आणि हीच फसविणाऱ्याची खरी ठेव असते. जमिनीच्या सामाईक व्यवहारांतही तो याच ठेवीवर जगतो.

कायद्याची दोन कुंपणे

महाराष्ट्रात शेतजमिनीभोवती दोन कायद्यांची कुंपणे आहेत. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. पुष्कळांना ठाऊक नसते की हीच मनाई भाडेपट्ट्यालाही लागू आहे. व्यवहार कायद्याविरुद्ध ठरला, तर ८४-क या कलमाखाली चौकशी होऊन जमीन सरकारजमा होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दुसरे कुंपण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायत जमिनीचे किमान प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे आणि जिराईतीचे २० गुंठे असे ठरविले. २०२५ मध्ये दिलेली सवलत मुख्यतः नागरी व बिगरशेती वापराच्या क्षेत्रांसाठी आहे. आडगावच्या रानातील गुंठाभर तुकडा तिच्या आधारे वेगळा करून मिळेल, असे समजणे भोळेपणाचे होईल.

मध्यस्थ नेमके याच कुंपणांतून पळवाट दाखवितो. दहा जणांपैकी एखादाच शेतकरी असतो. मग ‘दस्त त्याच्या नावे करू, बाकीच्यांना नोटरीसमोर हिस्सापत्र करून देऊ’ असा तोडगा निघतो. कोणाला शेतकरी असल्याचा बनावट दाखला मिळवून देण्याचे आमिष दाखविले जाते. सभासद मान डोलावतात, आणि त्याच क्षणी त्यांचा तक्रारीचा मार्ग अर्धाअधिक बंद होतो. पुढे ज्याच्या नावे दस्त झाला तो उलटला किंवा मध्यस्थ परागंदा झाला, तर इतरांच्या हाती उरतो तो मुद्रांक लावलेला एक निरुपयोगी कागद. १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने सांगितले आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदविलेलाच असावा लागतो. साठेखत, कुळमुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांची जुडी करून केलेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. शिवाय मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की सर्वसाधारणपणे त्या पत्राचा अंमलही संपतो. मालक वारल्यानंतर त्याच्या मुखत्यारपत्रावर विसार घेतला जाणे म्हणूनच फसवणुकीचा सोपा मार्ग ठरतो.

तोंडी व्यवहारांचे मूळ

असे असता नोंदणीकृत भाडेपट्टे इतके विरळ का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कसणारी कुळे कायद्याने तिची खरेदीदार मानली गेली. त्या सुधारणेने हजारो कसणाऱ्यांना न्याय दिला, हे निर्विवाद होय. परंतु जमीन दुसऱ्याच्या हाती गेली की ती परत येत नाही, ही भीतीही तिने मालकांच्या मनात कायमची रुजविली. परिणामी वाट्याने, अर्धेलीने, खंडाने जमीन देण्याचे व्यवहार चालूच राहिले. ते कागदावरून मात्र नाहीसे झाले. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा पुढे ठेवला, त्यामागे हेच कारण होते. तोंडी शब्दावर चालणारा व्यवहार गावातल्या गावात, एकमेकांच्या तीन पिढ्या ठाऊक असलेल्या माणसांत बराचसा निभावतो. तेथे अब्रू हेच तारण असते. तोच व्यवहार अनोळखी माणसांत आला की तारण नाहीसे होते, पण सवय तेवढी शिल्लक राहते.

येथे शेतकऱ्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मध्यस्थ गटाकडून मोठी रक्कम घेतो, मालकाच्या हातावर थोडा विसार टेकवतो आणि कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन जातो. पुढे दहा अनोळखी माणसे बांधावर येऊन उभी राहतात, तेव्हा शेतकऱ्याला प्रथमच कळते की आपल्या एका रानाचे दोन-तीन गटांशी सौदे झाले आहेत. शहरातील बचतदार आणि खेड्यातील मालक समोरासमोर येऊन एकमेकांना भामटे ठरवितात, आणि ज्याने दोघांनाही नाडले तो तिसऱ्या गावी नवा गट जमवीत असतो.

प्रत्येकाचा भरवसा दुसऱ्यावर

एकटा मनुष्य जमीन घेताना चार ठिकाणी चौकशी करतो. तोच मनुष्य दहांच्या गटात शिरला की निर्धास्त होतो. ‘इतके जण आहेत, कोणीतरी पाहिलेच असेल’ असे प्रत्येकजण मनाशी म्हणतो. बिरबलाच्या गोष्टीतील हौद असाच रात्रीतून पाण्याने भरला होता. आपल्या एका घागरीने काय बिघडते, असे प्रत्येकाला वाटले होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने चौकशी ही गटाची सामाईक गरज आहे. तिचा खर्च एकाने करावयाचा आणि लाभ सर्वांना मिळावयाचा, अशी स्थिती असल्यामुळे ती कोणीच करीत नाही. समजा, दहा जणांनी प्रत्येकी दोन लाख रुपये घातले आणि स्वतंत्र वकील व कागदपत्रांचा शोध यांवर वीस हजार रुपये खर्च केले. हा भार एकूण रकमेच्या अवघा एक टक्का, म्हणजे माणशी दोन हजार होतो. तेवढे वाचविण्यासाठी दोन लाख पणाला लावणे हा कोणत्याही हिशेबाने शहाणपणा नव्हे. यास्तव पहिली वर्गणी जमिनीसाठी न काढता चौकशीसाठी काढावी, आणि वकील मध्यस्थाने सुचविलेला नसावा.

ही चौकशी फार गूढ नाही. मध्यस्थाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबण्याऐवजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफार गटाने स्वतः काढावेत. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचावा. विकास सोसायटीचा वा बँकेचा बोजा, वारसांची नावे, न्यायालयीन दावा यांचा पत्ता तेथे लागतो. भोगवटादार वर्ग दोनची नोंद असेल, तर ती जमीन इनाम-वतनाची किंवा धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी दिलेली असू शकते, आणि मग सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकणे धोक्याचे असते. मुलींचा वडिलार्जित मिळकतीतील हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मान्य केला आहे. एका भावाने सर्व रान देऊ केले तर बहिणींची संमती कोठे आहे, हे विचारलेच पाहिजे. लोक अद्याप ज्यांना तलाठीच म्हणतात त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना भेटावे, मालकाला त्याच्या घरी भेटावे, शेजारच्या बांधकऱ्याशी बोलावे आणि रानात जाण्यास रस्ता आहे की नाही हे स्वतः चालून पाहावे. हद्दीविषयी संशय असल्यास भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी.

जमिनीइतकीच सोबत्यांचीही पारख हवी. पैसा देण्यापूर्वीच गटाचा लेखी करार व्हावा. कोणाचा हिस्सा किती, खर्च कसा वाटायचा, एखादा बाहेर पडू इच्छिल्यास किंवा मरण पावल्यास त्याच्या हिश्शाचे काय, हे सारे त्यात असावे. बँकेतील खाते किमान दोघांच्या सहीने चालावे आणि रक्कम मध्यस्थाच्या हाती न देता थेट मालकाच्या खात्यावर टप्प्याटप्प्याने जावी. रोखीचा आग्रह धरणारा, ‘उद्या भाव वाढेल’ असे बजावणारा किंवा उत्पन्नाची ठराविक रक्कम दरमहा देण्याची हमी देणारा मध्यस्थ या तीन लक्षणांवरूनच ओळखावा. पावसावर अवलंबून असलेल्या तालुक्यांत शेतीच्या उत्पन्नाची हमी खुद्द शेतकऱ्यालाही देता येत नाही.

अशा हमीची परिणती किती भयंकर होऊ शकते, हे देशाने पाहिले आहे. शेतजमीन देण्याच्या नावाखाली पीएसीएल या कंपनीने पाच कोटींहून अधिक लोकांकडून पैसे गोळा केले. सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमविली, आणि तरीही सामान्य गुंतवणूकदाराला वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. आपली म्हटलेली जमीन कोठे आहे हे त्यांतील असंख्य लोकांनी कधी पाहिलेही नव्हते. फसवणुकीनंतर भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम आहे. ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदाही, प्रकरण त्यात बसत असेल तर, आहे. परंतु कायद्याचा हात पोहोचेपर्यंत पैसा बहुधा दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याकडे गेलेला असतो.

व्यक्तीच्या सावधपणाला शासनाच्या धोरणाची जोड मिळाल्यावाचून हे चित्र पुरते पालटणार नाही. मालकाची मालकी अबाधित राहील आणि कसणाऱ्याला मुदतीची शाश्वती मिळेल, असा नोंदणीकृत भाडेपट्ट्याचा सुटसुटीत मार्ग उपलब्ध झाला, तर तोंडी व्यवहारांच्या अंधारात वावरणाऱ्या मध्यस्थाचा आधारच तुटेल. तोवर रांजणगावच्या कामगाराने आणि दौंडच्या शेतकऱ्याने एक पथ्य पाळावे: जो व्यवहार उद्या उघडपणे तहसीलदारापुढे सांगता येणार नाही, त्यात आज एक रुपयाही घालू नये आणि त्यावर सहीही करू नये.