शाळा चर्चची, मुलं सगळ्यांची

आजचा प्रश्न साधा आहे. परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. मग इथं छोटी कॅथलिक प्राथमिक शाळा निघाली, तर वर्गात बसणार कोण?

अर्थात आपलीच मुलं. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, सगळी. नाताळचा गोठा सजवायला सगळ्यांचे हात, आणि दिवाळीची सुट्टीही सगळ्यांना.

परभणी जिल्हा कॅथलिक चर्चच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली झाला. शाळा काढून ती चालवायचा हक्क अल्पसंख्याकांना राज्यघटनेच्या कलम ३० नं दिलाय.

पण मग प्रार्थनेचं काय? तर कलम २८(३) ऐका. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे तुमचं मूल हात जोडणार की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

आता पैशाचा मुद्दा. आरटीईच्या २५ टक्के मोफत जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये प्रमाती खटल्यात सांगितलं. २०२५ मध्ये कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेतली आणि मोठ्या पीठानं विचार करावा असं म्हटलं.

हा वाद नुसता कागदावरचा नाही. शेतमजुराचं पोर त्या बाकावर बसणार की नाही, ते यावर ठरतं. म्हणून प्रवेशाआधी शाळेत दोन गोष्टी विचारा: फी किती, आणि प्रार्थनेची संमती कशी घेता? भेटू पुढच्या भागात!